लहान बागेतले बुटके कॉनिफर: निवड, लावणी आणि निगा

रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर 'बुटके' असा शब्द असतो आणि घेणारा त्याचा अर्थ 'कायम एवढेच राहणारे' असा लावून मोकळा होतो. पाइन, स्प्रूस, फर, जुनिपर, सायप्रस, थुजा अशा सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत हा अर्थ महागात पडतो, कारण कॉनिफर जिवंत असेपर्यंत वाढतच राहते आणि बुटक्या वाणाची वाढ फक्त सावकाश असते. पाच-सात वर्षांत एकमेकांत घुसलेली झुडपे, भिंतीकडच्या बाजूने करपलेले शंकू, कात्रीने विद्रूप केलेले गोळे असे लहान बागेतले बहुतेक घोटाळे या एका गैरसमजातून होतात. सावकाशपणाची दुसरी बाजू अशी की या झाडांच्या बाबतीत केलेली चूक दिसायला उशीर लागतो, आणि ती भरून यायला त्याहून अधिक. काही चुका तर कधीच भरून येत नाहीत. म्हणून या लेखात लावणीच्या आधीच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

वाढीचा हिशेब

अमेरिकन कॉनिफर सोसायटीने वाणांचे जे चार वर्ग ठरवले आहेत, त्यांचा मुख्य आधार वर्षाची वाढ हा आहे. वर्षाला २.५ सेंमीपेक्षा कमी वाढणारे वाण 'मिनिएचर', २.५ ते १५ सेंमी वाढणारे 'ड्वार्फ' म्हणजे बुटके, १५ ते ३० सेंमी वाढणारे मध्यम आणि त्याहून वेगाने वाढणारे मोठे. एकट्या बुटक्या वर्गातच सहापट अंतर आहे, हे येथे ध्यानात घ्यावे: दहा वर्षांत एक रोप वीतभर वाढेल, तर त्याच वर्गातले दुसरे दीड मीटर वाढेल. त्यामुळे नुसता 'ड्वार्फ' हा शब्द पुरेसा नाही. वाणाचे पूर्ण नाव आणि त्याची वार्षिक वाढ या दोन्ही गोष्टी माहीत असल्याशिवाय रोप घेऊ नये.

रुंदीचा हिशेब करताना बरेच जण चुकतात. उंची एकाच दिशेने वाढते, पण पसरणारे झुडूप दोन्ही बाजूंनी वाढते. समजा, रोप आज ३० सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद आहे आणि त्याची वाढ सर्व बाजूंना वर्षाला ७ सेंमी आहे. दहा वर्षांनी त्याची उंची १ मीटर होईल, पण रुंदी ३० अधिक १४०, म्हणजे १७० सेंमी होईल. दोन शेजारी रोपांच्या अशा दहा वर्षांनंतरच्या रुंदीची बेरीज करून तिचे निम्मे करावे आणि तेवढे अंतर त्यांच्या बुंध्यांमध्ये ठेवावे. पहिली तीन-चार वर्षे वाफा रिकामा दिसतो, तो दिसू द्यावा. मधल्या जागेत खडी, दोन-तीन खडबडीत दगड, बुटकी कंदफुले किंवा जमिनीलगत राहणारी रांगती झुडपे चालतात, परंतु कॉनिफरच्या अंगावर पडणारी उंच, पानाळ फुलझाडे मात्र टाळावीत. एका हंगामात झाकली गेलेली फांदी आतून उघडी पडते, आणि ती जागा बहुतेक कॉनिफर पुन्हा भरून काढत नाहीत.

हे वाण कुठून येतात हे ठाऊक असले की त्यांचे पुढचे वागणेही समजते. मोठ्या झाडाच्या एखाद्या फांदीवर कधी कधी आखूड, दाट फुटव्यांचा गुच्छ तयार होतो, आणि त्यातली काडी कलम करून वाढवली की बुटके झाड मिळते. काही वाण बियांपासून उगवलेल्या शेकडो रोपांतून खुजे म्हणून वेगळे काढलेले असतात, तर काही एखाद्या डोळ्यात अचानक झालेल्या बदलातून आलेले असतात. सर्वांना परिचित असलेला शंकूच्या आकाराचा 'कोनिका' हा पांढऱ्या स्प्रूसचा वाण १९०४ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जॉन जॅक आणि आल्फ्रेड रेडर या वनस्पतिशास्त्रज्ञांना रानात सापडला. अशा झाडांना आपले मूळ रूप अधूनमधून आठवते. 'कोनिका'वर एकाएकी लांब सुयांची, जाड आणि सरळ उठणारी फांदी फुटते, ती हीच. तिचे काय करायचे ते छाटणीच्या भागात येईल.

हवामान पाहून वाण

स्प्रूस आणि फर ही थंड प्रदेशातली झाडे आहेत. त्यांना हिवाळ्यातली विश्रांती लागते, आणि जिथे उन्हाळ्यातल्या रात्रीही गरम राहतात तिथे ती हळूहळू खंगत जातात. त्यांना सावली देऊन, पाणी शिंपडून जगवण्याची धडपड करणारे बागप्रेमी पुष्कळ असतात, पण माझ्या मते ती मेहनत वाया जाते. उष्ण हवामानात जुनिपर, मोरपंखी म्हणून ओळखला जाणारा पौर्वात्य थुजा आणि पोडोकार्पस हे तीन गट भरवशाचे आहेत. समशीतोष्ण, दमट हवेत जपानी क्रिप्टोमेरिया आणि हिनोकी सायप्रस यांचे बुटके वाण फार देखणे होतात. कडक थंडीच्या प्रदेशात स्प्रूस, फर, म्यूगो पाइन आणि पाश्चात्त्य थुजा यांतून हवी तशी निवड करता येते.

लहान बागेसाठी काही वाणांची नावे सांगून ठेवतो. उभ्या आकारासाठी जुनिपरचा 'कॉम्प्रेसा' हा मेणबत्तीसारखा सडपातळ वाण उत्तम असून तो वर्षाला काही सेंटीमीटरच वाढतो, मात्र त्याला कोरडा, झोंबणारा वारा सोसत नाही. 'ब्लू स्टार' जुनिपर निळसर उशीसारखा बसतो आणि साधारण ४० सेंमी उंची व १ मीटर रुंदीपर्यंत जातो. 'विल्टोनी' हा रांगता जुनिपर हातभर उंचीलाही पोहोचत नाही, पण दोन मीटर आणि त्याहूनही अधिक पसरतो, म्हणून त्याला उताराचा कडा किंवा दगडी बांध द्यावा. स्प्रूसचा 'निडिफॉर्मिस' मध्यभागी पक्ष्याच्या घरट्यासारखा खळगा ठेवून पसरतो. थुजाचा 'डॅनिका' कात्री न लावताही गोल राहतो. 'ऑरिया नाना' ही सोनेरी मोरपंखी अंड्याच्या आकाराची होते आणि उष्णता बरी सोसते. हिनोकीचा 'नाना ग्रासिलिस' पंख्यासारख्या वळलेल्या गर्द पालवीमुळे मला सर्वांत आवडतो, परंतु त्याच्या नावातल्या 'नाना'वर (लॅटिनमध्ये 'बुटका') विसंबू नये, कारण वय झाल्यावर तो माणसाच्या डोक्यावर जातो.

म्यूगो पाइनबाबत एक वेगळी खबरदारी घ्यावी लागते. बियांपासून वाढवलेले म्यूगो दिसायला बुटके असले तरी पुढे किती वाढतील याचा नेम नसतो. खात्रीचे बुटके रोप हवे असेल तर 'मॉप्स'सारखा नाव असलेला, कलमी वाणच घ्यावा.

घरात लहान मुले किंवा पाळीव जनावरे असतील तर यू जातीचे झाड टाळलेले बरे. त्याच्या बीभोवतीचा लाल गर सोडला तर सगळेच भाग विषारी असतात.

जागा: ऊन, वारा आणि निचरा

बहुतेक कॉनिफरना दिवसाला सहा तास ऊन लागते. सावलीत ती मरत नाहीत, पण विरळ आणि लांबोडकी होतात, आणि सोनेरी वाण हिरवट पडतात. याउलट हेच सोनेरी वाण भर दुपारच्या कडक उन्हात करपतात, म्हणून त्यांना सकाळचे ऊन आणि दुपारनंतरची विरळ सावली सर्वांत मानवते. उन्हाने तापणाऱ्या भिंतीलगत शंकू-आकाराचे स्प्रूस लावू नये. मी एकदा लावले होते. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याची भिंतीकडची बाजू तपकिरी झाली, आणि झाड वळवून लावल्यावर ती उघडी बाजू नेमकी पाहणाऱ्याच्या समोर आली.

निचरा ही सर्वांत महत्त्वाची कसोटी आहे आणि ती अंदाजाने करू नये. ३० सेंमी खोल खड्डा खणून तो पाण्याने काठोकाठ भरावा व पूर्ण मुरू द्यावा. मग पुन्हा भरून तासाभराने पातळी मोजावी. ती तासाला किमान २.५ सेंमी उतरत असेल तर जागा चालेल. पाणी त्याहून हळू मुरत असेल तर खड्ड्यात वाळू आणि खत मिसळून काही साधत नाही, उलट चिकण जमिनीतला तो भुसभुशीत खड्डा पाणी साठवणारे भांडे बनतो. अशा जागी २० ते ३० सेंमी उंचीचा, पुरेसा रुंद उंचवटा करून त्यावर लावणी करावी. मातीचा सामू (पीएच) साधारण ५.५ ते ६.५ असावा. जुनिपर, मोरपंखी आणि यू यांना थोडी चुनखडीची जमीनही चालते.

रोप निवडताना

रोपवाटिकेत सर्वांत मोठे रोप निवडण्याचा मोह आवरावा, कारण लहान रोप नव्या जमिनीत लवकर रुजते. रोप उचलून कुंडीच्या तळाकडे पाहावे. तळाच्या छिद्रांतून जाड मुळे बाहेर आली असतील तर आत मुळांचे वेटोळे झालेले असणार. फांद्या हाताने बाजूला करून आत डोकवावे. आतल्या जुन्या सुया पिवळ्या-तपकिरी असणे स्वाभाविक आहे, पण फांद्यांचे शेंडे फिके, निस्तेज किंवा ठिसूळ असतील तर ते रोप घेऊ नये. सूचिपर्णी झाड कोमेजून दाखवत नाही. त्याच्या सुया तपकिरी होतात तेव्हा मुळे मरून बहुधा आठवडे उलटलेले असतात, त्यामुळे 'पाणी घातले की सावरेल' असा दिलासा कोणी दिला तरी तो मानू नये. कलमी रोप असेल तर कलमाचा जोड शोधून तो घट्ट आहे ना, आणि त्याखालून खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मुळाकडच्या झाडाचे, फुटवे येत नाहीत ना, हेही तपासावे.

लावणी

थंड प्रदेशात वसंताच्या आरंभी किंवा शरदाच्या सुरुवातीला लावावे. उष्ण प्रदेशात उन्हाळा संपून हवा निवू लागल्यावर लावावे, आणि जिथे सलग मोठा पाऊस पडतो तिथे तो ओसरल्यावर. लावणीच्या आदल्या दिवशी रोपाला कुंडीतच भरपूर पाणी द्यावे.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद असावा, पण त्याहून खोल मुळीच नसावा. तळाची माती उकरून सैल केली की रोप काही महिन्यांत खचते आणि बुंधा मातीत गाडला जातो. रोप कुंडीतून काढल्यावर वरची माती बोटांनी खरवडून, बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत उतरतो ती जागा शोधावी. कुंडीत ती अनेकदा चार-पाच सेंटीमीटर खाली दबलेली आढळते. ती जागा जमिनीच्या पातळीला किंवा किंचित वर राहील अशा बेताने रोप ठेवावे. मुळे गोल फिरलेली असतील तर ती बोटांनी सोडवून बाहेरच्या दिशेला पसरावीत, आणि सुटतच नसतील तर गोळ्यावर तीन-चार उभे छेद द्यावेत. हे करताना हात कचरतो हे खरे, पण बुंध्याभोवती आवळलेले मूळ आठ-दहा वर्षांनी झाडाचा गळा घोटते, त्यापेक्षा आजची जखम परवडली. पाइनच्या मुळांवर पांढऱ्या बुरशीसारखे तंतू दिसले तर घाबरून धुऊन टाकू नयेत. ती मुळांना पाणी आणि अन्नद्रव्ये मिळवून देणारी उपकारक बुरशी असते.

गोळा तागाच्या कापडात बांधलेला असेल तर रोप खड्ड्यात नीट बसवल्यावर दोरी आणि तार संपूर्ण काढावी व कापड निदान अर्ध्याच्या खाली कापून टाकावे. खड्डा काढलेल्याच मातीने भरावा, हाताने दाबावा, पायाने तुडवू नये. मग भोवती आळे करून संथपणे पाणी सोडावे आणि माती बसली की ५ ते ७ सेंमी जाडीचे, झाडाच्या सालीच्या तुकड्यांचे किंवा बारीक खडीचे आच्छादन द्यावे. आच्छादन बुंध्याला टेकू नये, भोवती चार-पाच बोटे जागा मोकळी राहिली पाहिजे.

पाणी आणि खत

पहिली दोन वर्षे पाण्याची. रोपवाटिकेतला गोळा बहुधा कोकोपीट किंवा पीटचा असतो आणि भोवतीची जमीन मातीची. गोळा एकदा कोरडा पडला की तो पाणी झिडकारतो, आणि मग सभोवतालची माती ओली असूनही आतली मुळे तहानलेली राहतात. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत पाणी थेट बुंध्याजवळ, गोळ्यावरच हळूहळू द्यावे आणि बोट ५ ते ७ सेंमी आत खुपसून ओल पाहिल्यावरच पुढचे पाणी द्यावे. रोज थोडेसे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर मुरेल असे पाणी देणे केव्हाही चांगले. जमीन गोठणाऱ्या प्रदेशात गोठण्याआधी भरपूर पाणी द्यावे, कारण हिवाळ्यातल्या उन्हाने आणि वाऱ्याने सुयांतले पाणी उडत राहते आणि गोठलेल्या जमिनीतून मुळांना ते परत मिळत नाही.

खताबाबत हात आखडता घ्यावा. भरपूर नत्र दिले की बुटके वाण लांब, लुसलुशीत फुटवे काढतात, त्यांचा बांधीव आकार बिघडतो आणि कीडही ओढवते. वसंतात मुळांच्या घेरावर चांगले कुजलेले कंपोस्ट बोटभर पसरले तर जमिनीतल्या झाडाला बहुधा वेगळे खत लागत नाही.

छाटणी

योग्य वाण योग्य अंतरावर लावला असेल तर छाटणी फारशी करावी लागत नाही. ती करण्याआधी एक नियम पक्का ध्यानात असावा: यूसारखे थोडे अपवाद सोडले तर कॉनिफरच्या जुन्या, पाने नसलेल्या लाकडावर नवे डोळे फुटत नाहीत. थुजा, जुनिपर किंवा सायप्रस कापताना कात्री हिरव्या भागापलीकडे, आतल्या तपकिरी पट्ट्यात गेली तर तिथे पडलेले भोक कायमचे राहते.

पाइनची पद्धत वेगळी आहे. वसंतात त्याच्या शेंड्यांवर मेणबत्तीसारखे कोवळे कोंब उभे राहतात. ते पुरेसे लांबले, पण सुया अजून उलगडल्या नाहीत, अशा वेळी ते अर्ध्यावर बोटांनी खुडावेत. कात्रीने अर्धवट सुया कापल्या की त्यांची टोके तपकिरी पडतात. स्प्रूसची फांदी कापायची तर दिसणाऱ्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित पुढे कापावी.

मूळ रूपाकडे परतलेली जोमदार फांदी मात्र दिसताक्षणी, तिच्या उगमापासून काढावी. तिची वाढ भोवतीच्या बुटक्या पालवीच्या कित्येक पट असते, त्यामुळे दोन-तीन वर्षे दुर्लक्ष झाले तर तीच झाडाचा शेंडा होऊन बसते आणि ती काढल्यावर उरणारी पोकळी भरत नाही. खुंटाच्या फुटव्यांनाही हाच न्याय.

शरदात आतल्या दोन-तीन वर्षे जुन्या सुया पिवळ्या पडून गळतात, त्यात रोग नसतो. पण 'कॉम्प्रेसा' किंवा 'कोनिका' यांसारख्या दाट वाणांत त्या आतच अडकून कुजतात, म्हणून हातमोजे घालून फांद्या हलकेच झटकाव्यात. क्रिप्टोमेरिया आणि काही थुजा थंडीत तांबूस-तपकिरी होतात आणि ऊब आल्यावर पुन्हा हिरवे होतात, तेही स्वाभाविक आहे.

कीड आणि रोग

स्प्रूस आणि जुनिपर यांचा खरा शत्रू म्हणजे कोळी (माइट ही बारीक कीड), आणि तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. संशय आला की फांदीखाली पांढरा कागद धरून ती तीन-चार वेळा आपटावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर रेघ उमटली तर कोळी आहेत. स्प्रूसवरचा कोळी थंड हवेतला आहे. तो वसंतात आणि शरदात माजतो, पण सुया तपकिरी दिसतात भर उन्हाळ्यात, जेव्हा फवारणीचा फारसा उपयोग राहिलेला नसतो. म्हणून तपासणी वसंताच्या आरंभीच करावी. पहिला उपाय पाण्याचा. नळीने जोरदार धार फांद्यांच्या आत आणि सुयांच्या खालून, चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा मारावी. त्याने भागले नाही तर उद्यानी तेल किंवा कोळीनाशक वापरावे, परंतु निळसर वाणांवर तेल फवारल्यास त्यांच्यावरची निळी मेणचट झाक निघून जाते. सरसकट सर्व कीटक मारणारे औषध फवारू नये, कारण त्यात कोळ्यांना खाणारे भक्षक आधी मरतात आणि कोळी दुपटीने येतात.

मूळकूज ही निचऱ्याच्या चुकीची शिक्षा आहे आणि ती एकदा लागली की उपाय जवळजवळ नसतो. जमिनीलगतचा एखादाच पट्टा तपकिरी होत असेल तर मात्र रोगाच्या आधी कुत्र्याच्या मुताचा संशय घ्यावा.

कुंडीत वाढवायचे असल्यास

कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा अधिक थंडी आणि अधिक उष्णता सोसतात, म्हणून आपल्या हवामानाला जे वाण जेमतेम टिकतात ते कुंडीत लावू नयेत. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा ५ ते ८ सेंमीच रुंद घ्यावी. मिश्रणात निम्मा भाग कुजवलेली सालीची भरड, पाव भाग पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) आणि पाव भाग धुतलेले कोकोपीट असावे. तळाशी खापऱ्या किंवा खडीचा थर देण्याची जुनी सवय सोडावी, कारण त्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी साचणारा पट्टा वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. दर दोन-तीन वर्षांनी, डोळे फुगण्याआधी, झाड बाहेर काढून गोळ्याच्या कडेची दोन-तीन सेंटीमीटर मुळे कापावीत आणि ताज्या मिश्रणात परत लावावे. मुळे कापली म्हणून ते बोन्साय होत नाही. बोन्सायमध्ये मोठ्या होणाऱ्या झाडाला कौशल्याने लहान ठेवतात, इथे झाडाचा मूळ स्वभावच सावकाश असतो.

नवी रोपे

बियांपासून बुटका वाण जसाच्या तसा मिळत नाही. थुजा, जुनिपर आणि सायप्रस यांची छाट कलमे घरी करता येतात. उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत ८ ते १० सेंमीची काडी, तळाशी जुन्या लाकडाची लहान टाच ठेवून, फांदीपासून ओढून घ्यावी, खालची पाने काढावीत, मूळ फुटण्याच्या संप्रेरकात बुडवावी आणि वाळू-पर्लाइटच्या ओलसर मिश्रणात सावलीत खोचावी. मुळे फुटायला दोन ते सहा महिने लागतात, आणि त्या काळात काडी हिरवी दिसते म्हणून ती रुजली असे समजून उपटून पाहू नये. पाइन, स्प्रूस आणि फर यांच्या काड्या सहजासहजी मुळे धरत नाहीत, त्यांना कलम बांधूनच वाढवावे लागते.

जागा अपुरी पडू लागली तर

दोन झुडपांच्या फांद्या एकमेकींना टेकण्याच्या बेतात आल्या की त्याच वर्षी निर्णय घ्यावा. टेकलेली बाजू उघडी पडल्यावर झाड हलवण्यात अर्थ राहत नाही. कोणते झाड हलवायचे ते ठरवून, आधीच्या वसंतात त्याच्याभोवती, फांद्यांच्या घेराच्या किंचित आत, धारदार कुदळीने उभा गोल छेद द्यावा. त्या रेषेच्या आत वर्षभरात नवी तंतुमुळे धरतात. पुढच्या वसंतात डोळे फुगण्याआधी त्याच छेदाच्या थोडे बाहेरून खणून, गोळ्याखाली गोणपाट सरकवून, बुंध्याला न धरता गोणपाटासकट झाड उचलावे आणि आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात पहिल्याइतक्याच खोलीवर, पूर्वी जी बाजू उन्हाकडे होती तीच उन्हाकडे ठेवून बसवावे. त्यानंतरचे पहिले वर्षभर त्याला नव्या रोपासारखेच, बोट खुपसून ओल पाहून पाणी द्यावे.